मामा, होडी आणि मळीचं पिंप

मामा गेले. काल त्यांचा तेरावा झाला.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात.

मी आज नर्स म्हणून ड्यूटीवर जाते ती या माणसामुळं. त्यांनी मला एका शब्दानंही समजावलं नाही. वायर ब्रश घेतला आणि बसले.

मी सुप्याची. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. लग्न होऊन आले ती थेट इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दारातून बघावं तिकडं पाणी.

पोस्टिंग मिळालं ते पलीकडच्या काठावर. रस्त्यानं जायचं तर अख्खा वळसा, वर एसटीची वाट बघा. होडीनं गेलं की समोरच.

पहिल्या दिवशी डबा, बॅग घेऊन आमच्या घरच्या होडीत पाय ठेवला. आधाराला कडेचा लोखंडी दांडा धरला.

दांडा हातात आला!

पुरा नाही, एका बाजूनं. बोल्ट गंजून नुसता भुगा झाला होता.

मी तिथूनच मागं फिरले. घरी येऊन सांगितलं, "मी नोकरी सोडते. त्या होडीत बसणार नाही."

सोडायची नव्हती हो. हॉस्टेलवर राहून, नको नको ते खाऊन शिकले होते. रडून रडून डोळे सुजले.

आमचे हे म्हणाले, "एवढं काय त्यात? एक नवा बोल्ट टाकतो, वरनं रंग मारतो. दसऱ्याला मारतोयच की दरवर्षी."

हीच तर गंमत. आमच्या काठावर दसऱ्याला प्रत्येक होडीला सिल्व्हर पेंट बसतो. गंजावरच. मग हळदकुंकू, हार, नारळ. होडी नवरीसारखी दिसते आणि आत गंजाचं काम निवांत चालू राहतं.

मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "रंग न्हाय मारायचा. समदं सोडवायचं."

होडी फायबरची, पण कड्या, दांडे, इंजिन बसतं ती पट्टी, नटबोल्ट सगळं लोखंडी. मामांनी एकूण एक सोडवलं. जे सुटेना ते कापलं.

मग गुरांच्या खाद्यात कालवायला आणलेली साखर कारखान्याची मळी काढली. काळी, चिकट. पिंपात पाणी, पाण्यात मळी, मळीत लोखंड.

"नांगराचं फाळ असंच साफ करतोय मी. गंज खाती ती, लोखंडाला हात लावत न्हाय."

थोड्याच दिवसांत दारात उभं राहवेना. असा वास! माश्यांचं तर विचारूच नका.

छोटे बोल्ट पिंपात हरवतील म्हणून मामांनी ते वेगळे भिजवले. आत्यांच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात.

मळीनं गंज खाल्ला. सोबत पातेल्याचं बूडही खाल्लं.

"माझ्या म्हायेरचं पातेलं व्हतं ते!" आत्यांनी अंगण डोक्यावर घेतलं.

"लोखंडाचं ठावं व्हतं," मामा हळूच म्हणाले, "ॲल्युमिनियमचं न्हवतं."

लग्नानंतर त्या घरात मी पहिल्यांदा पोट धरून हसले.

मग मामा ब्रशनं घासायचे, मी धुऊन उन्हात वाळवायचे. खड्डे पडलेले बोल्ट ते बाजूला फेकायचे. "दिसाया बरा हाय, पर न्हाय चालायचा." उरलेल्यांना रेड ऑक्साईडचे दोन हात, वर रंग, आट्यांना ग्रीस.

जोडायची वेळ आली तेव्हा पाना माझ्या हातात दिला.

"मामा, तुम्हीच आवळा ना. मला कुठं जमतंय?"

"बसायचं तुला हाय न्हवं? मग तूच आवळ. मी वढून बघतो."

मी आवळत गेले आणि ते एकेक कडी अंगाचा भार टाकून ओढून बघत गेले. घामाघूम झालेले.

'घाबरू नको' असं बाकी सगळं गाव मला सांगत होतं. मामा एकदाही म्हणाले नाहीत.

तोवर एसटीनं वळसा घालून ड्यूटी गाठत होते. त्या सोमवारी मी होडीत बसले. दात आवळून, दांडा धरून, पण बसले.

होडी हे चालवायचे, पण पुढं कित्येक दिवस मामाही रोज सोबत यायचे. समोरच्या फळीवर बसून पलीकडच्या काठापर्यंत नुसते बोलत राहायचे. म्हशी, ऊस, कुणाच्या लग्नात जेवणात काय होतं. एरवी घरात दिवसभर तोंड न उघडणारा माणूस! मला वाटायचं, सुनेला धीर देतायत.

माझी नोकरी टिकली. दसऱ्याआधी सगळं उघडून बघायचं, मगच रंग, हा आमच्या दोघांचा नेम झाला. आत्या त्या दिवशी भांड्यांच्या मांडणीपुढं राखणीला बसायच्या.

काल पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाल्या, "ह्यांला पाण्याचं लई भ्या वाटायचं."

"कुणाला?"

"तुझ्या मामाला. धरणात जुनं गाव गेलं तवापासनं. सवताचं घर पाण्यात जाताना काठावर हुबं राहून बघितलं त्यांनी. पवायला बी येत न्हवतं. तू यायच्या आधी कंदी त्या होडीत पाय ठेवला न्हवता."

 आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

मामा, सांगायचं ना हो.

एकाच फळीवर बसून, हात धरून दोघंही घाबरलो असतो.

निवांत जावा. तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.