साडूंचा खिळा

अख्ख्या खानदेशात ढकलण्याविषयी आमच्या साडूंइतका विचार कुणी केला नसेल. धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, जळगावात घर करून राहिले, पण वर्ग काही सुटला नाही. बंद पडलेली रिक्षा दिसली की हे धावणार आणि ढकलता ढकलता सापेक्षता सांगणार. "जोर तेवढाच लावत राहा. वेग वाढेल, पण प्रकाशाच्या वेगाजवळ जाशील तसतशी वाढ कमी कमी होईल. जोर वाया जात नाही हं, संवेगात साठतो. पण प्रकाशाचा वेग गाठणं कुणाच्या बापाला जमायचं नाही!" रिक्षावाला बिचारा म्हणाला, "सर, माले फक्त पेट्रोल पंपवर जानं शे."

माझ्या लग्नात सजवलेली गाडी मांडवासमोरच्या चिखलात रुतली, तर यांनी ढकलणाऱ्यांना थांबवून ऐकवलं, की अतिवेगात असलेल्या वस्तूला मागून ढकलणं फार जड, बाजूनं वळवणं त्यामानानं सोपं. आमची गाडी तसूभर हलत नव्हती. तिचा वेग यांनी कुठून काढला, देव जाणे! अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पदराआड हसून म्हणाली, "म्हनीसन तं मी यास्ले मांगून ढकलत नही."

पुढे त्याच अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तिच्या खाटेशेजारी भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता. साडूंनी कॅलेंडर काढलं आणि जाहीर केलं, "हा खिळा म्हणजे प्रकाशाचा वेग." रोज सकाळी तिला बसवून तिचा हात वर उचलायला लावायचे, स्वतः कोपराखाली जोर द्यायचे आणि बोटं पोचतील तिथे पेन्सिलीनं रेघ मारायचे. सुरुवातीच्या रेघा वीतवीतभर अंतरावर होत्या, मग बोटभर, मग केसभर. आता सुधारणा होणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. साडू मला म्हणाले, "भाऊ, वाढ कमी झालीय, थांबलेली नाही." अक्काचं कण्हणं शेजाऱ्यांना ऐकू जायचं. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण हात काही सोडायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा.

एकदा ते औषधं आणायला गेले होते. अक्का वाकड्या तोंडानं कशीबशी बोलली, "भाऊ, तो खिळा खाले ठोकी द्या. हात लागी जाई, म्हंजे ते थांबतीन."

मी खिळा उपटला, शेवटच्या रेघेवर ठोकला आणि जुनं भोक टूथपेस्टनं बुजवलं. चोरीसुद्धा धड करता येत नाही मला.

दुसऱ्या सकाळी मुद्दाम गेलो. अक्काची बोटं खिळ्याला टेकली. साडूंनी जुन्या भोकावर अंगठा ठेवला; पेस्ट अजून ओली होती. विद्यार्थ्याला कधी अर्धा मार्क फुकट न दिलेला माणूस! आता माझं काय होतंय, म्हणून मी मान खाली घातली.

"पोचली हो तुमची अक्का," एवढंच ते म्हणाले. तिचा हात त्यांनी हळूच आपल्या मांडीवर घेतला. त्यानंतर तो वर उचलायला लावला नाही, नुसता धरून बसायचे.

दिवाळीच्या आधी अक्का गेली. परवा त्यांच्याकडे गेलो, तर नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर होतं. बसून बघायला आता खाट नाही, त्यामुळे तारीख बघायला चांगलं वाकावं लागतं. साडूंची तर कंबर दुखते. मी म्हटलं, "द्या हातोडी, वर ठोकून देतो."

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले, "तिचा हात तिथवरच पोचतो."