डोळ्यामागची वाट

सप्टेंबर १९८५, गणपतीचा आदला दिवस, मुलुंडचं घर. हजर माणसं: मी, माझे यजमान आणि दहिसरहून करंज्या करायला आलेल्या थोरल्या जाऊबाई, आम्हा दोघांच्या वहिनी. ह्यांना त्यांनीच लहानाचं मोठं केलं.

मूर्तीच्या वर फळं टांगायची माटवी बांधताना हे स्टुलावरून पडले. डोकं ओट्यावर आपटलं. टाके घातले, गणपती बसले, विसर्जनही झालं. मग उजवा डोळा लाल झाला. तेव्हा गल्लीत सगळ्यांचेच डोळे आलेले. नाक्यावरच्या डॉक्टरांनी थेंब दिले, मी टॉवेल वेगळा केला. डोळा मात्र पुढे येत चालला आणि हे म्हणायला लागले, "कानात कोणीतरी धापा टाकतंय गं."

मोठ्या हॉस्पिटलात तपासणी झाली. मार लागून डोळ्यामागची धमनी फाटली होती आणि तिचं रक्त थेट शिरेत घुसत होतं. डॉक्टरांनी नळी माझ्या कानाला लावली. नाडीच्या ठेक्यावर सूं सूं. तो आवाज मी ऐकला, वहिनींनी नाही. ऑपरेशन करावं लागणार होतं, नाहीतर डोळा जाण्याची भीती.

रजा, केसपेपर, रक्त देणारी माणसं, सगळं मी जमवलं. वहिनी रविवारी पेज घेऊन यायच्या आणि ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवत बसायच्या. माझी पेज उरायची, त्यांची संपायची.

एका रविवारी मी ऑपरेशनची तारीख घेऊन घरी परतले, तर दोघं हसत होती.

"गे, आवाज बंद झालो त्याचो!" वहिनी म्हणाल्या.

"अहो, मला सांगायचं नाही आधी?"

"तू घरात होतीस कुठे? वहिनी समोर होती."

पुन्हा तपासणी झाली. "वाट आपोआप मिटली," डॉक्टर म्हणाले. "क्वचित होतं असं."

"वेळेवर आणलं म्हणून ना?" मी विचारलं.

"नाही हो. आत गुठळी धरली असणार. आम्हीही काही केलं नाही."

हे ऐकून वहिनी गप्प बसतील असं मला वाटलं होतं. पण डोळा बरा झाला तर ओटी भरू, असं गाऱ्हाणं त्यांनी गावच्या देवीला आधीच घातलेलं. "ओटी मात्र तुझ्याच हातान भरूची," त्या म्हणाल्या. "घोव तुझो."

डोळा पूर्ववत झाला. हे पाहुण्यारावळ्यांना सांगतात, वहिनीचं गाऱ्हाणं देवीनं ऐकलं. मी चहा देते.

हिरवी साडी आणि खण मी लगेच आणून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवले. त्यानंतर गावी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा बॅग मीच भरली. ओटी भरायची राहिली आहे.