चहा स्वस्त झाला होता

अमेरिकेच्या स्वातंत्र्यानं माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं आपल्या स्वातंत्र्यानंही खाल्लं नाही. आपलं स्वातंत्र्य पोरांना कळतं. इंग्रज वाईट, आपण चांगले, झालं. पण बालाघाटच्या सरकारी शाळेत इतिहास शिकवताना दर वर्षी तो अमेरिकेचा धडा यायचा, आणि दर वर्षी कोणीतरी हात वर करून विचारायचं, "सर, चाय तो सस्ती हुई थी ना? फिर फेंकी काहे?"

घ्या! प्रश्न चुकीचा असता तर खाली बसवून मोकळा झालो असतो. तो बरोबर होता, हीच तर पंचाईत. अमेरिकेत जाऊन राहिलेल्या स्वतःच्याच लोकांवर इंग्लंडच्या संसदेनं कर लावले. लोक भडकले तेव्हा बाकीचे बरेचसे काढले, चहावरचा तेवढा ठेवला. मग कंपनीला, तीच कंपनी जी इथं आपल्या उरावर बसली होती, तिला तिथं थेट चहा विकायची मुभा दिली. त्यामुळे कर धरूनही चहा आधीपेक्षा स्वस्त झाला. आणि तरी बोस्टनच्या बंदरात लोक जहाजांवर चढले आणि पेट्याच्या पेट्या पाण्यात फेकल्या! मी फळ्यावर लिहायचो, 'प्रतिनिधित्व नहीं तो कर नहीं'. पोरं निमूट उतरवून घ्यायची आणि मग परत तेच, "पर सर, सस्ती थी ना?" बैहरला बदली होती तेव्हा तर कमालच झाली. फेकणाऱ्यांनी तिथल्या आदिवासींचा वेष केला होता असं मी सांगितलं, तर एक गोंड मुलगी ताडकन उभी राहिली. "फेंकी उन्होंने, तो भेस हमारा काहे बनाया?" मी तिला बस म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सांगायचं काय, तर रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो. पण सवय कुठं सुटते? घरात कोणी शिकणारं नव्हतं म्हणून मी दूधवाल्याला सुद्धा इतिहास सांगायचो. आमच्या घरची म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी." म्हणू दे. मग मुलाचं लग्न झालं आणि सून आली.

सून भरवेलीची. वडील मँगनीजच्या खाणीत होते, ती कॉलनीतच लहानाची मोठी झाली. एम. ए. झालेली, आणि तिथल्याच एका छोट्या खाजगी शाळेत पहिलीला शिकवायची. रोज सकाळी स्कूटीवर जायची, दुपारी यायची, आल्यावर पोरांच्या गमती सांगायची. कोणी शाईच प्यायली, कोणी 'घ' उलटाच काढतो. मी ऐकायचो आणि मनात चडफडायचो. अरे, एवढी हुशार पोरगी, अन् 'घ' गिरवत बसली! हिनं राज्य सेवेची परीक्षा द्यायला पाहिजे. उपजिल्हाधिकारी व्हायला पाहिजे. एकदा मनात आलं की मला थांबवत नाही.

त्या शाळेचा मुख्याध्यापक माझाच जुना विद्यार्थी. एके दिवशी सरळ भरवेलीला गेलो आणि सांगून आलो, सूनबाई पुढच्या महिन्यापासून येणार नाही, तिला मोठ्या परीक्षेला बसायचं आहे. त्यानं माझे पाय धरले, चहा पाजला. म्हणाला, "सर, बहू के लिए इतना कौन सोचता है?" मी छाती फुगवून घरी आलो आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांना बातमी दिली. मुलगा ताटाकडे पाहत राहिला. सून वाढता वाढता थांबली. मला वाटलं, आनंदानं गप्प झाले. आमची तेवढी पुटपुटली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मला वाटलं, वाढलेल्या कामाबद्दल बोलते आहे.

आता हे लिहिताना स्वतःचाच राग येतो. पण तेव्हा येत नव्हता, हे खरं.

पुढचे आठ महिने आमचा वर्ग चालला. सकाळी सात ते नऊ, जेवायच्या टेबलावर. पुस्तक हिंदी, मी समजावणार मराठीत, ती लिहिणार परत हिंदीत. पोरीनं पहिली पायरी पहिल्याच झटक्यात पार केली. मी मोहल्ल्यात पेढे वाटले. मुख्य परीक्षेला सहा आठवडे उरले आणि तिच्या वेळापत्रकात आला जगाचा इतिहास. त्यात पहिलाच धडा कोणता? तोच.

आणि गाडी अडली. फ्रान्स तिला कळलं, रशिया कळला, जपान कळलं. अमेरिका काही केल्या डोक्यात शिरेना. एक तर वसाहतीला ती पुस्तकातलं 'उपनिवेश' म्हणायलाच तयार नाही. सारखं आपलं कॉलनी, कॉलनी.

"तेरा कॉलन्या होत्या ना मामाजी? मंग कॉलनीवाले आधी मोठ्या साहेबाकडे गेले असतीन."

"अगं, तुमची खाणीची कॉलनी नाही ती! देश होता तो, देश!"

"हौ, पन साहेब तं दूरच बसलेला होता."

"उंटावरून शेळ्या हाकत होता, हौ. पुढं लिही."

ती लिहायची नाही. पेन हातात धरून बसायची. एकदा विचारलं, "त्याईनं आधी अर्ज दिलते ना राजाले?"

"एक सोडून चार दिले. त्यानं हातात घेतले नाहीत."

"मंग ज्याची तक्रार, त्याच्याचकडे अर्ज द्याचा, तं उपयोग काय?"

"परीक्षेत हे नाही विचारत!" मी ओरडलो. "परीक्षेत कारणं विचारतात. कारणं पाच. पहिलं सांग."

तिनं पाचही सांगितली, पाठ केल्यासारखी. मी कपाळाला हात लावला. मुलगा मध्ये पडला, म्हणाला, बाबा, मोबाईलवर एक सर आहेत, ते अकरा मिनिटांत अमेरिका संपवतात. अकरा मिनिटांत! मी तीस वर्षांत नाही संपवू शकलो!

त्याच आठवड्यात तो फोन आला. मुख्याध्यापकाचा, माझ्या मोबाईलवर. सुनेच्या जागी घेतलेली बाई लग्न होऊन गोंदियाला चालली होती. पहिलीची पोरं अजूनही जुन्या मॅडमला विचारतात, म्हणाला. त्या परत येतील का? सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरी बघावी लागेल. मी म्हणालो, "काय खुळ्यासारखं विचारतोस? सहा आठवड्यांवर परीक्षा आली. नाही येणार." फोन ठेवला आणि भाजी आणायला निघालो. घरात सांगायचं राहून गेलं. लपवलं नाही मी. सांगण्यासारखं काही आहे, असं वाटलंच नाही. हे जास्त वाईट, हे मला आता कळतं.

सोमवार होऊन गेला. मंगळवारी सकाळी ती टेबलावर येऊन बसली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. रात्री नीट झोपली नसेल म्हणून मी दुर्लक्ष केलं आणि म्हणालो, आज तोंडी सराव. मी परीक्षक, तू उमेदवार. आणि मुद्दाम तोच प्रश्न टाकला, ज्यानं माझं आयुष्य खाल्लं.

"चाय सस्ती हुई थी. फिर फेंकी क्यों?"

तिनं वही मिटली.

"कोनी विचारलं नाही म्हून."

"काय?"

"त्याइले कोनी विचारलं नाही, मामाजी. आधी महाग करताना नाही विचारलं, मंग सस्ता करताना बी नाही विचारलं. सस्ता असो का फुकट असो. ज्याले प्याचा हाय त्याले विचारलंच नाही, तं तो गोड कसा लागन?"

तीस वर्षं! तीस वर्षं मी प्रतिनिधित्व, संसद, कायदे, कर सांगत बसलो आणि ही पोरगी एका ओळीत उत्तर देऊन मोकळी! मी टेबलावर हात आपटला. "वा! हेच! हेच लिही! मग इतके दिवस काहून सांगितलं नाही?"

"शाळेतून फोन आलता ना तुम्हाले?"

माझा हात तिथंच राहिला. शाळेतली एक मैत्रीण तिला बाजारात भेटली होती. तिनं विचारलं होतं, तू नाही काहून म्हणालीस?

"आलता," मी म्हणालो.

"मंग नाही कोन म्हनलं? मी तं म्हनली नाही."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी! तुझा विचार करूनच सांगितलं ना मी!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. कारण हे वाक्य मी ओळखत होतो. अमेरिकेचे लोक जेव्हा म्हणाले की तुमच्या संसदेत आमचा एकही माणूस नाही, तेव्हा इंग्लंडवाल्यांनी हेच उत्तर दिलं होतं: तुमचा माणूस नसेना का, आम्ही सगळ्यांचा विचार करूनच ठरवतो. वर्गात हे सांगताना मी नाक वर करून, साहेबी आवाज काढून सांगायचो. पोरं खो खो हसायची.

इथं कोणी हसलं नाही. ती वही घेऊन उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरातून आमची बाहेर आली, माझ्यासमोर चहाचा कप आपटला आणि परत गेली.

दोन दिवस मी फुगून बसलो. का नाही फुगणार? आठ महिने रोज दोन तास शिकवलं, ते कुठं गेलं? पुस्तकं आणली, नोट्स काढल्या, डोळे फोडून घेतले. नेकी कर दरिया में डाल म्हणतात, ते काय उगाच? बुधवारी असाच चरफडलो. गुरुवारी चरफडायचा कंटाळा आला. दुपारी पडल्या पडल्या सारखं एकच दिसत राहिलं: वाढता वाढता थांबलेली ती, हातात वरणाचा डाव, आणि मी काय मोठा पराक्रम केल्यासारखा सगळ्यांकडे पाहून हसतोय. लाज वाटली. खरंच सांगतो, घाम फुटेपर्यंत लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि निघालो. चूक केली तर निस्तरली पाहिजे, असा माझा स्वभाव. मुख्याध्यापकाला भेटायचं, कान धरायचा, आणि जागा परत मिळवायची. दुसरी बाई घेतली असेल तर तिला दुसरीचा वर्ग दे म्हणायचं. माझा शब्द तो खाली पडू देणार नाही. सून अंगणात कपडे वाळत घालत होती.

"कुठं चालले मामाजी?"

"भरवेलीले. तुझ्या शाळेत. तुझी जागा परत घेऊन येतो."

तिनं हातातला टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मले विचारलं?"

एक चप्पल पायात, एक बाहेर. मी तसाच उभा.

"मी काल जाऊन आली," ती म्हणाली. "जागा भरली. पुढच्या सत्रात पाहू म्हनले. त्या पोराइले भेटून आली. पेपर बी देनार हाय मी. आठ महिने घातले तं वाया काहून घालू? पन ते माहं मी पाहीन."

आवाज चढलेला नव्हता. भांडण असतं तर मला बरं पडलं असतं, भांडण मला येतं. मी चप्पल काढली. शेवटी म्हणालो, "मग उद्यापासून सातला बसायचं का? परत?"

विचारलं, बरं का. सांगितलं नाही, विचारलं. आयुष्यात घरातल्या कोणाला मी असं विचारलेलं मला तरी आठवत नाही. मनात वाटलं, आता ही हौ म्हणेल.

"नाही मामाजी," ती म्हणाली. "मी खोलीत वाचीन. एकटी."

आता रोज सात वाजता मी त्या टेबलावर बसतो, कारण दुसरीकडे कुठं बसू? पेपर वाचतो. ती खोलीचं दार लावून मोठ्यानं पाठ करते. दारातून सगळं ऐकू येतं. परवा ती अमेरिकेवरच होती. एक साल चुकीचं म्हणाली. मग परत तेच, परत तेच. माझा जीव खालीवर. मी उठलो, दारापर्यंत गेलो, हात वर केला. आणि खाली घेतला. चुकीचं साल पाठ होईपर्यंत मी टेबलाशी बसून ऐकत राहिलो.