माझ्या नावाचं बियाण्याचं दुकान

मी केडगावहून माहेरी परत आले तेव्हा माझ्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. नवरा नागापूरच्या एका वर्कशॉपात फिटर होता. काविळीनं गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही, पण जेवायला हाक मारायचं ते हळूहळू विसरायला लागले. हे दादाच्या कानावर गेलं. तो आला, माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि मला घेऊन आला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तालुक्याच्या पंचायत समितीत शेतीचा विस्तार अधिकारी होता. सायकलवरून गावोगाव हिंडायचा, लोकांच्या बांधावर बसून भाकरी खायचा. कुठलं बी घ्यायचं, खत कधी टाकायचं, कीड पडली तर काय फवारायचं, हे सगळं लोक त्याला विचारायचे. सायेब म्हणाले की झालं, मग घरात दुसरी चर्चा होत नसे.

मी आल्यावर महिन्याभरानं त्यानं विषय काढला.

"बाजारपेठेत एक गाळा मिळतोय. बी-बियाणं, खतं, औषधं ठेवू. परवाना तुझ्या नावावर काढू. मला नोकरीत धंदा करता येत नाही, तुला येतो. उद्या मी असेन, नसेन, तू कुणाच्या तोंडाकडं बघायला नको."

वहिनी चुलीशी बसली होती. "लोक काय म्हणतील?" एवढंच ती म्हणाली.

"बहिणीला पायावर उभं केलं म्हणतील," दादा म्हणाला.

पाटीवर माझं नाव आलं, सासरच्या आडनावासकट. त्यामुळं लांबच्या वाड्यांवरच्या लोकांना आमचं नातं कळत नसे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट दुकान मला फार आवडलं. सकाळी फळ्या काढायच्या, गल्ल्याला उदबत्ती ओवाळायची, कुठल्या डब्यात काय आहे ते शिकायचं. पांढऱ्या कपाळाची बाई म्हणून जिथं तिथं बाजूला सरकवलं जायची सवय झाली होती. इथं माणसं समोर उभी राहून माझ्याशी बोलत होती.

पण ती काही विचारत नसत, हे थोड्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं. समोरच्या भुसार दुकानात, बियाणंही ठेवणाऱ्या म्हाताऱ्या शेटजींकडं लोक दाणे तळहातावर घेऊन बघत, दातानं फोडत, घासाघीस करत. माझ्याकडं येऊन नुसतं म्हणत, "सायेबांनी सांगितल्यालं द्या." सायेबांनी सांगितलेलं बी फक्त माझ्याच दुकानात असे.

एकदा शेटजी रस्ता ओलांडून आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "ताई, दुसरं दुकान आलं याचं मला काही नाही. बाजार आहे, चालायचंच. पण माझ्याकडं नुसतं बी आहे, तुमच्याकडं सरकार आहे. मी कशाच्या जोरावर विकू?"

मी दादाला ते सांगितलं. तो हसला. "म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय," म्हणाला. "मी वाईट माल घ्यायला सांगतो का कुणाला?"

सांगत नव्हता, हे खरंच होतं.

मग दुष्काळ आला. त्या साली पेरणीच झाली नाही म्हटलं तरी चालेल. दुकानात मागवलेल्या संकरित बाजरीच्या पिशव्या तशाच पडून राहिल्या. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी सबंध उन्हाळा काढला. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. दादाही कामावरच्या माणसांबरोबर उन्हात काळा पडला. दुसऱ्या वर्षी पाऊस वेळेवर झाला तेव्हा कुणाच्याच घरात बियाला दाणा उरला नव्हता, सगळं खाऊन झालं होतं. दुकानापुढं रांग लागली.

मी दादाला आतल्या खोलीत नेलं. "या गेल्या सालच्या पिशव्या आहेत. तू लोकांना ओल्या गोणपाटात दाणे घालून उगवण बघायला शिकवतोस ना? आपण बघू या की."

"त्याला चार-पाच दिवस जातील. वापसा आलाय, रान पेरायजोगं झालंय, लोक दारात उभे आहेत. पिशव्यांना शिक्का आहे, मुदत आहे. दे."

माल गेला.

पंधरवड्यानं एक बाई दुकानात आली. चाळिशीची असेल. तिनं लुगड्याच्या ओच्यात माती आणली होती. ती फळीवर ओतली. मातीत बाजरीचे दाणे होते, काळपट, कुजलेले.

"उगावलंच न्हाई," ती म्हणाली. "सगळं रान तसंच मोकळं पडलंय. दुकानदार कोन हाय? मालकाला बोलवा."

"मीच."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा आवाज जरा खाली आला, पण ती हटली नाही. "बाई मानूस हाय म्हनून सोडनार न्हाई बरं. आमी साऱ्या वाडीनं अर्ज केलाय. आमचं शेतीचं सायेब लई देवमानूस हाय. त्येच येनार हायेत चौकशीला. त्ये तुमाला सोडायचे न्हाईत."

मी गप्प राहिले असते तर ती तशीच निघून गेली असती. पण तिच्या त्या विश्वासापुढं माझ्यानं उभं राहवेना.

"ते माझे सख्खे भाऊ आहेत," मी म्हणाले.

फळीवरची माती हातानं गोळा करून तिनं पुन्हा ओच्यात भरली. जायला वळली, मग थांबली.

"मंग आमी कुनाकडं जायाचं?"



त्याच दिवशी दुपारी दादा त्या वाडीवरून थेट दुकानात आला. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. पाणी पिऊन म्हणाला, "पाहून आलो. पेरणी खोल गेलीय. वरनं जमीन कडक झाली, कोंब वर येऊ शकला नाही. तसा अहवाल देतो."

"सगळ्यांचीच खोल गेली? एका वाडीत सगळ्यांचीच?"

"तुला शेतीतलं काय कळतं?"

"मला कळत नाही. पण दादा, बी आपलं, शिफारस तुझी आणि चौकशीही तुझीच. तू खरं सांगितलंस तरी ते खरं कोण मानेल?"

त्याचा चेहरा एकदम ओढल्यासारखा झाला. "हे दुकान मी कुणासाठी काढलं? माझ्या पोरांसाठी?"

"माझ्यासाठी काढलंस. म्हणूनच मी बोलतेय."

"मग बोलू नकोस," तो म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. पंचायत समितीत गेले. गटविकास अधिकाऱ्यांच्या खोलीत दोन-तीन ग्रामसेवक बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, की बियाणं माझ्या दुकानातलं आहे, चौकशी करणारा माझा भाऊ आहे, चौकशी दुसऱ्या कुणाकडं तरी द्या.

गटविकास अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? ठाऊक असणं वेगळं. तुम्ही इथं येऊन चारचौघांत बोललात, हे वेगळं. घरचं घरात मिटवायचं असतं."

पण आता ऐकणारे बसलेले होते. त्या अधिकाऱ्यांना दादाकडची चौकशी काढून घ्यावीच लागली. शेजारच्या तालुक्यातला अधिकारी आला. उरलेल्या पिशव्यांतलं बी तपासायला गेलं. ते निकस निघालं. कंपनीनं बदली पिशव्या पाठवल्या, पण तोवर बाजरीचा हंगाम सरला होता. वाडीनं ती जमीन रब्बीच्या ज्वारीपर्यंत रिकामी ठेवली. ती बाई पुन्हा माझ्याकडं आली नाही.

दादाची बदली अकोले तालुक्यातल्या डोंगराकडं झाली. सामान बांधताना वहिनी मला म्हणाली, "त्यांनी चोरी केली नव्हती, वन्सं." मी म्हणाले, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "मग?" ती निघाली तेव्हा मी तिच्या पाया पडले. दादा पुढं ट्रकपाशी उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मी परवाना परत केला, गाळा सोडला आणि नगरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकघराची देखरेख करायला लागले. पुढं तिथंच राहिले. कितीतरी भाऊबिजा कोरड्या गेल्या. मग एका वर्षी दादा आपणहून आला. आला तो भातशेतीबद्दल बोलत राहिला, तिकडच्या लोकांबद्दल, पावसाबद्दल. मी ओवाळलं, त्यानं ताटात साडी ठेवली.

निवृत्त झाल्यावर एकदा माझ्याकडं राहायला आला होता. दुपारी आम्ही दोघंच होतो. मी तांदूळ निवडत होते. तो मध्येच म्हणाला, "त्या वाडीवर मी रानात उभा होतो ना, तेव्हा मला खरंच दिसलं होतं, की पेरणी खोल गेलीय. मी खोटं बोललो नव्हतो."

मी हात थांबवला. "आणि आता काय वाटतं?"



"आता सांगता येत नाही," तो म्हणाला. "त्यानंतर कुठल्याच रानात उभं राहून मला पहिल्यासारखं छातीठोक सांगता आलं नाही."

मी उठून चहा टाकला.