पद्मजाबाईंच्या पुस्तकावर नागूकाकांचं मत

खरं सांगायचं तर हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा डिलीट मारलं. आपल्या वाचन ग्रुपवर दर महिन्याला नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं ठरलंय आणि माझं या महिन्यात एकही पुस्तक पुरं झालेलं नाही. पण आमच्या दहिवलीच्या नागूकाकांनी परवा मला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि वर म्हणाले, लिव की, काय चोरी हाय का. तर लिहिते.

नागूकाका म्हणजे साठी ओलांडलेला काटक माणूस. शाळा सातवीपर्यंत. आधी भातशेती होती, मग भावकीने मिळून खाचरं विकली आणि तिथे वरद नावाच्या इंजिनिअरने बंगला बांधला. तेव्हापासून काका त्याच बंगल्याचे राखणदार. जिथे भात झोडलं तिथल्या लॉनला पाणी घालतो, हे ते हसत हसत सांगतात.

वरदची आई म्हणजे पद्मजाबाई. खोपोलीला शिळफाट्यावर राहायच्या, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. शनिवारी मुलाच्या गाडीतून बंगल्यावर यायच्या, रविवारी संध्याकाळी परत. त्यांच्या पुस्तकांनी तिथली एक अख्खी भिंत भरलेली, आणि ती झाडायचं काम काकांकडे. झाडता झाडता एक उघडलं, मग उभ्याउभ्या दहा पानं, मग खाली बसून. एका शनिवारी बाई लवकर आल्या आणि काका खांद्यावर फडकं टाकून भिंतीला टेकून वाचताना सापडले. धडपडत उठले, तर बाई म्हणाल्या, "बस रे. कसं वाटतंय?"

"छान हाय बाई."

"छान लुगडं असतं. पुस्तकाबद्दल काय ते बोल."

तिथून जे सुरू झालं ते नऊ वर्षं चाललं. रविवारी निघण्याआधी पायरीवर चहा, आणि काकांनी आठवड्यात काय वाचलं त्यावर बोलायचं. 'छान' शब्दाला बंदी. एका पोलिसी कादंबरीबद्दल काका म्हणाले, "यातला इन्स्पेक्टर कवाच जेवत नाय बाई, म्हून त्याला सारखा राग येतो." बाईंना हसून ठसका लागला. एका प्रवासवर्णनाबद्दल म्हणाले, "एवढी गावं फिरला, पन एकाबी माणसाला नाव नाय इचारलं." यावर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं रे."

काकांना दुसरं असं विचारणारं कोणी नव्हतं. बायको गोदाकाकू म्हणायच्या, "बुकं वाचून काय कलेक्टर व्हताय?" मुलगा रूपेश रसायनीला कंपनीत, फोनवर दोन मिनिटं. त्यामुळे रविवारचा तो अर्धा तास म्हणजे काकांच्या आठवड्याचा जीव होता.

मग गेल्या आषाढात बाईंनी त्यांना एक पुस्तक दिलं, खाकी कागदाचं कव्हर चिकटवलेलं. सुरुवातीची पानं कापलेली, लेखकाचं नावच कळत नव्हतं. "नाव बघून लोक मत देतात," बाई म्हणाल्या. "तू तसंच वाच." आपल्याच भागातल्या एका तरुण विधवेची गोष्ट होती. काकांनी दोनदा वाचली. रविवारी पायरीवर बसले आणि एका दमात बोलून टाकलं.

"बाई, हे खोटं हाय."

"कुठे?"

"लावणीच्या पानांवर. नवरा जाऊन चार दिस झाल्यात न ही बाई चिखलात उभी राहून भाताच्या रोपांशी बोलते. चार पानं! लावणीला वाकलेलं माणूस बोलत नाय बाई, कंबर मोडत असते. ज्यानं लिवलंय तो बांधावर छत्री घेऊन उभा व्हता."

बाईंनी कप खाली ठेवला. "असेल," म्हणाल्या. बस, एवढंच. गाडीतून नेहमी हात करायच्या, त्या दिवशी पदरच सावरत राहिल्या.

सोमवारी पुस्तक भिंतीत ठेवताना काकांना दिसलं की दमट हवेने कव्हरचा डिंक सुटलाय. आत मागच्या बाजूला दोन वेण्या घातलेल्या एका बाईचा फोटो, आणि खाली नाव. पद्मजाबाईंचं.

त्या शनिवारी बाई आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. श्रावण गेला, गणपती गेले. वरदचा फोन यायचा, मोटर चालू आहे का, गवत कापलंत का. बाईंचं विचारायचं काकांच्या तोंडावर यायचं आणि तिथेच मरायचं. कोणत्या तोंडाने विचारणार? शिळफाटा काय लांब आहे, टमटमने पाऊण तास. पण रागावलेल्या माणसाच्या दारात उभं राहायला पाय उचलत नव्हता. त्यांनी ते पुस्तक आणखी तीनदा वाचलं, कुठेतरी आपलंच चुकलं असेल म्हणून. बाकीचं सगळं पटत गेलं, गोष्टीतली शाळा, बाजार, सासू तर इतकी खरी की काकांना स्वतःची आजी आठवली. फक्त ती चार पानं काही केल्या पटेनात.

दिवाळीत वरद एकटाच आला आणि बोलता बोलता म्हणाला, "आई अजून उजवा हात उचलत नाही हो."

"काय झालं हाताला?"

"म्हणजे? ऋजुताने तुम्हाला कळवलं नाही?" ऋजुता त्याची बायको. तिला वाटलं नवऱ्याने सांगितलं, त्याला वाटलं बायकोने. आषाढातल्या त्या रविवारनंतर चौथ्या दिवशी बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. चार महिने त्या शिळफाट्यावर पलंगाला खिळून होत्या आणि इकडे काका त्यांच्या रागाला भीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका बागेतली चार सीताफळं घेऊन गेले. बाई अर्ध्या झालेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द जड. पण काकांना बघून पहिलं काय विचारावं?

"परत... वाचलंस?"

"वाचलं बाई."

"मग?"

काकांनी त्या हाताकडे बघितलं. आणि म्हणाले, "छान हाय. माझंच चुकलं व्हतं."

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ऋजुता म्हणाली, आई दमल्यात, पुन्हा या. काका उठून दारापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला. "तू पण का रे, नागू?"

घरी आल्यावर गोदाकाकूंनी सगळं काढून घेतलं आणि भाकरी थापता थापता सुरू झाल्या, "माझ्या कालवणात मीठ जास्ती झालं तर गावभर सांगत फिरता, न तिथं बरं ग्वाड बोलता आलं?"

"अगं, आजारी माणूस..."

"आजारी हाय म्हून तिला समदीच ग्वाड बोलत असतील. सून ग्वाड, ल्योक ग्वाड, डॉक्टर ग्वाड. ती तुमची वाट बघत व्हती, सीताफळाची नाय. जावा परत."

काका गेले. पहाटेचीच टमटम पकडून गेले, पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, खोटं ते खोटंच हाय. आन् तवा मी निम्मंच सांगितलं. माझा बा आषाढातच गेला. चवथ्या दिशी आय लावणीला गेली. मी दहा वर्साचा, बांधावर बसून बघत व्हतो, आता रडंल, मग रडंल. ती दिसभर येकच वाक्य बोलली. शेजारणीला म्हनली, मशेरी हाय का गं? बस. मला लई राग आला व्हता आयचा. अजून येतो कवाकवा."

बाईंनी डाव्या हाताने खूण करून ऋजुताकडून पेन्सिल मागवली आणि काकांच्या हातात दिली. पुस्तक काकांनी बरोबर आणलंच होतं. "लिही," म्हणाल्या. "तिथे. कडेला."

काकांनी त्या चार पानांच्या कडेला आईचं ते एकच वाक्य लिहिलं. बाईंनी पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि मग एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "पण माझी बाई... मशेरी... लावत नाही."

"मग काय करते?"

"चहा."

"लावणीत चहा कोण देतंय तिला, बाई?"

"मी... देते. माझं... पुस्तक आहे!"

ऋजुता स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं. चार महिन्यांत पहिल्यांदाच सासूबाई कुणावर तरी ओरडल्या होत्या.

त्यानंतर काका आणखी सहा वेळा गेले आणि सहाही वेळा दोघं भांडले. पौषात बाईंना दुसरा झटका आला, त्यातून त्या उठल्या नाहीत. कडेला पेन्सिलीने लिहिलेलं पुस्तक वरदने काकांना देऊन टाकलं. चार पानांपैकी दोन बाईंनी डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या रेघेने खोडलीत. उरलेली दोन खोडायची की ठेवायची, हे भांडण तसंच राहिलं. काका म्हणतात, "चार म्हैनं मी घरात बसून काढलं. तेवढ्यात ती दोन पानंबी झाली असती." हे म्हणताना ते माझ्याकडे नाही, अंगणातल्या नळाकडे बघत होते.

आता बंगला विकायला काढलाय. होळी झाली की काका-काकू रसायनीला रूपेशकडे राहायला जाणार, कंपनीच्या दोन खोल्यांत. तोपर्यंत ते रोज अकरानंतर बंगल्याच्या पायरीवर असतात. ते वाचतायत, पण ऐकायला माणूस नाही. म्हणून या महिन्यात माझ्याकडून पुस्तक नाही, एवढीच विनंती. तुम्ही जे काही वाचत असाल ते पिशवीत टाका आणि दहिवलीला जाऊन नागूकाकांना भेटा. त्यांचं पटलं नाही तर खुशाल भांडा. पण होळीच्या आत जा, प्लीज.