चौदा गाठींची दोरी

काकांच्या घराचं म्युझियम झालं तेव्हा मी आईला तीनदा विचारलं, येतेस का? तिन्ही वेळा तिनं मटार सोलता सोलता "मला काय करायचंय तिथे" म्हणून उडवून लावलं. आणि मागच्या रविवारी भर दुपारी साडी बदलून दारात उभी. "चल." अरे, आधी सांगायचं ना! सुदामा नगरातून राजवाड्यापर्यंत जायचं, त्यात सुट्टीची गर्दी, गाडी लावायला जागा नाही. माझं डोकं तिथेच सटकलं.

माझ्या चुलत बहिणीनं, मितालीनं, तिला फोनवर सांगितलं होतं की दिल्लीच्या फोटोग्राफरच्या घरच्यांनी त्या दिवशीचे फोटो म्युझियमला दिलेत.

तो दिवस सांगायलाच हवा. संताजीकाका आर्किटेक्ट. जुन्या गल्लीत, लाकडी सज्ज्यांच्या मधोमध, त्यांनी हे पांढरंशुभ्र, वळणावळणाचं सिमेंटचं घर उभं केलं. देशभरातून लोक बघायला यायचे. जिन्याला कठडा नव्हता. "कठडा लावला की जिना मेला," काका म्हणायचे. आणि माडीवर राहायची आजी, जिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं! पण काकांना बोलणार कोण? ते थोरले, घर त्यांचं, आणि आम्ही त्यांच्या आश्रयाला. आई, म्हणजे इंदिरा, धाकटी सून. तिनं बोलायचा नाद सोडला आणि आजीच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळून एक जाड दोरी केली. ती जिन्याच्या वरपासून खालपर्यंत ताणून बांधली, पायरीगणिक एक गाठ. चौदा पायऱ्या, चौदा गाठी. शेवटची गाठ मोठी, म्हणजे जमीन आली हे हाताला कळावं. रोज चार वाजता आजी त्या गाठी चाचपत चहाला खाली यायची, अगदी रुबाबात.

फोटोवाले आले की काका दोरी सोडायचे. ते गेले की आई परत बांधायची. त्र्याऐंशी साली दिल्लीचे लोक फोटो काढून गेले आणि दोरी बांधली गेली नाही. चार वाजता आजी निघाली, हात पुढे केला, तर हाताला काही लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती एम. वाय. हॉस्पिटलमध्ये वारली.

आई म्हणाली, दोरी सापडतच नव्हती, मी घरभर शोधत होते. काका म्हणाले, मी जिन्यापाशीच ठेवली होती. मी आठ वर्षांचा. बाबांनी मला विचारलं, "दोरी कोण बांधतं रे?" मी म्हणालो, "आई." झालं! इंदिरा विसरली, असं सगळ्या नातेवाइकांत ठरून गेलं. बाबा त्यानंतर मरेपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलले. मी तिला कधी काही म्हटलं नाही. पण मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

म्युझियममध्ये पलक नावाची चुणचुणीत मुलगी घर दाखवत होती. जिन्यापाशी थांबून म्हणाली, "कठडा नाही, बघा, मतलब एकदम फ्री फ्लो!" जिना वर जायला बंद आहे. लोक पडतील म्हणून.

फोटोंच्या खोलीत मी भराभर पुढे गेलो. मागे बघतो तर आई एका फोटोपाशी अडलेली.

"यश, मोबाईलमध्ये याचा फोटो काढ."

पलक धावतच आली. "आंटीजी, सॉरी, फोटो अलाऊ नहीं है."

आईनं तिच्यापुढे चक्क हात जोडले. सत्त्याहत्तर वर्षांची माझी आई त्या एवढ्याशा पोरीपुढे हात जोडतेय म्हटल्यावर माझा पारा चढला. "आई, बस्स ना यार! कोणाला दाखवायचाय तो फोटो? काका गेले. बाबा गेले. आता उरलंय कोण?"

"तू," आई म्हणाली.

तेव्हा मी बघितलं. गल्लीत एक ॲम्बॅसेडर उभी, टपावर कॅमेऱ्यांच्या पेट्या, आणि काका स्वतः हसत हसत त्या पेट्यांवरून दोरी आवळताहेत. चिंध्यांची दोरी. गाठी मारलेली. मी मोजायला लागलो. नऊ दिसल्या, बाकीच्या गाडीच्या पलीकडे गेल्या असणार. लोंबत्या टोकाला मोठी गाठ होती. आई घरभर शोधत होती तेव्हा दोरी दिल्लीच्या रस्त्याला लागली होती.

"दिसली?" आईनं विचारलं.

"हो."

आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, देवाशप्पथ मला बोलायचं होतं. बेचाळीस वर्षं ती हेच सांगत होती आणि मी मान हलवत होतो. मागे लोक खोळंबले होते.

"अंकलजी, जरा आगे बढ़िए ना," पलक म्हणाली.

आणि मी पुढे सरकलो.