विजूताईंचा बॅनर

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोलाडच्या नाक्यावर रोह्याच्या रिक्षेची वाट बघत उभी होते. फोन नितेशचा होता. "बाई, ताई नाय राहिल्या. पेणला... झोपेतच." नितेश माझा जुना विद्यार्थी, रोह्याला लागून असलेल्या आमच्या अष्टमीत त्याचं छपाईचं दुकान आहे. आणि विजूताई म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, माझी नणंद. अशा वेळी माणसाला रडू फुटावं. माझ्या मनात आधी काय आलं, ते सांगायची लाज वाटते. पेणच्या त्यांच्या खोलीत आता चार लोक जातील, मोरीत खरकटी भांडी पडली असतील का, एकटी बाई, जवळ कोण होतं, असं विचारतील. सगळा जन्म मी या चार लोकांची काळजी वाहिली. रिक्षेत बसल्यावर डोळ्याला पाणी आलं, तर तेही शेजारणीला दिसू नये म्हणून मी खिडकी नसलेल्या रिक्षेतून बाहेर बघत राहिले.

विजूताई मुंबईतल्या एका कलादालनाच्या संचालक होत्या. प्रदर्शनं मांडायच्या. कुणाचं काम दाखवायचं, कशाशेजारी काय लावायचं, उजेड कुठून येऊ द्यायचा, हे ठरवायच्या. त्याला क्युरेटर म्हणतात. आज हे मी चार वाक्यांत लिहिलं, पण लग्न होऊन अष्टमीला आले तेव्हा शेजारणी विचारायच्या, "तुझी नणंद मुंबईत काय करते गो?" एकदा मी खरं सांगून पाहिलं. ऐकणारी म्हणाली, "म्हणजे दुसऱ्यांची चित्रं टांगते व्हय?" आणि सगळ्या हसल्या. मी अशी कानकोंडी झाले की पुढे सरळ ठोकून द्यायला लागले, मोठ्या चित्रकार आहेत त्या. शेजारीपाजारी, शाळेत, वर्गात सुद्धा. विजूताईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं सुमन, मला साधा आंबा काढता येत नाही. कुणी पेन्सिल पुढे केली तर?" मी म्हटलं, "हात दुखतो म्हणून सांगा." त्या पोट धरून हसल्या. मला ते हसणं झोंबलं, कारण त्यांना त्यांच्या कामाची लाज नव्हती, ती मला होती.

मुंबईत त्यांनी सुरुवात केली ती चित्रांखालच्या नावांच्या पट्ट्या टाइप करण्यापासून आणि पाहुण्यांना चहा देण्यापासून. त्याच दालनाच्या पुढे त्या संचालक झाल्या. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं अशा पोरापोरींची कामं त्यांनी परदेशापर्यंत नेली. मग मालकांशी बिनसलं. मालकांना खपणारं हवं होतं, विजूताईंना बघण्यासारखं. आम्हाला वाटलं, आता अष्टमीला येऊन निवांत राहतील. कसलं काय... त्यांनी पेणला एका गणपतीच्या कारखान्याचं गोदाम मागून घेतलं. गणपती गेले की गोदाम मोकळं होतं. नव्या वर्षाच्या कच्च्या मूर्तींनी ते पुन्हा भरेपर्यंत जेवढा काळ मिळेल तेवढीच त्यांची गॅलरी. नावबिव काही नाही. लोक म्हणायचे, ताईंचं गोदाम. नावाजलेले चित्रकार एसटीने यायचे आणि कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत, मातीच्या हातांनी, त्यांची चित्रं बघत हिंडायचे. "हात मागे बांधा आणि डोळे पुढे करा," विजूताई त्यांना दारातच सांगायच्या.

एकदा मी मोठ्या हौसेने आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना तिथे घेऊन गेले. आत बघते तर चित्रं नाहीतच. गोदामभर मीठ पसरलेलं आणि मधोमध वर एक दिवा. कुणा मुलीने मिठागरात राबलेल्या आपल्या आजीवर ते काम केलं होतं. पेणच्या दमट हवेत मीठ रोज थोडं पाझरायचं, आणि तेच बघायचं होतं म्हणे. मुख्याध्यापिकाबाई हळूच म्हणाल्या, "हे काय, सांडलंय का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेवढ्यात खाडीकडची एक म्हातारी आत आली, कंबरेवर हात ठेवून तिने बघून घेतलं आणि विजूताईंना फैलावरच घेतलं. "एवढं मीठ नासवलंस गो, काय म्हणायचं तुला?" विजूताईंनी तिला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि दोघी त्या मिठाकडे बघत किती वेळ बोलत बसल्या. मी बाहेर रस्त्यावर उभी होते, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून.

तर, विजूताई गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी अष्टमीच्या बाजूला नदीवरच्या पुलाजवळ त्यांचा बॅनर लागला. नितेशने छापलेला. कुठल्याशा उद्घाटनातला हसरा फोटो कापून घेतलेला, त्यामुळे खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच राहिलेला. मागे निळे ढग, कडेने गुलाब, दोन समया, खाली मंडळाच्या पोरांचे चेहरे ओळीने. आणि ठळक अक्षरांत 'ज्येष्ठ चित्रकार विजयाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. पट्टीतलं एक अक्षर तिरकं गेलं तर पुन्हा छापून घेणारी बाई ती, आणि तिच्या नशिबी हे. तेराव्याला मुंबईची माणसं येणार होती. त्यांनी हे बघितलं तर आमच्या घराची काय शोभा राहील, या विचाराने मला झोप येईना. आदल्या संध्याकाळी मी नितेशच्या दुकानात गेले.

"तो बॅनर उतरव," मी म्हटलं.

"का हो बाई? काय चुकलं?"

"त्या चित्रकार नव्हत्या."

तो गोंधळला. "तुमीच तर वर्गात सांगायच्या."

ते खरं होतं, आणि माझी चूक कुणी दाखवली की मी चिडते. "गावठी दिसतं रे ते. त्यांची माणसं मोठी आहेत, तुला नाही कळायचं." विजूताईंच्या प्रत्येक प्रदर्शनाच्या पट्ट्या ज्याने छापल्या, त्या मुलाला मी हे बोलले. "बरं बाई," एवढंच म्हणाला आणि स्वतः शिडी घेऊन गेला.

तेराव्याला मुंबईहून सगळे आले. जेवणं झाली. एक वयस्क शिल्पकार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, बॅनर कुठे लावलाय? पुलाजवळ आम्ही मुद्दाम गाडी थांबवली होती." ते म्हणाले, "विजयाताई नेहमी सांगायच्या, आमच्याकडे माणूस गेला की पुलाजवळ त्याचं प्रदर्शन लागतं. फोटो कुणी निवडला, कोण कुणाशेजारी उभं राहिलंय, सगळं बघत थांबायच्या. म्हणायच्या, माझाही लागेल, तेव्हा नक्की या..." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अजून छापून आला नाही." नितेश तिथेच पाण्याचे पेले गोळा करत होता. त्याने मान वर केली नाही.

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. मीही त्या बाजूला जायचं टाळत होते. मग परवा बाजारात पुलाजवळ बसणारी मासेवाली म्हणाली, "बाई, वाऱ्यानं फाटला म्हणं बॅनर? नितेश सांगत व्हता. दुसरा लावा गो. मी रोज एक फूल ठेवत व्हते तिथं." नितेशने गावभर वाऱ्याचं नाव सांगितलं होतं.

दुकानात चौकशी केली तर तो पेणला, गोदामातलं ताईंचं उरलंसुरलं सामान आवरायला गेलेला. तशीच एसटीने गेले. गोदाम आता कच्च्या मूर्तींनी भरत आलंय. जिथे मीठ पसरलं होतं तिथे पांढऱ्या गणपतींच्या रांगा आहेत, आणि धूळ बसू नये म्हणून एका रांगेवर मोठं फ्लेक्सचं कापड घातलंय, पांढरी बाजू वर. मी टोक उचललं. आतून विजूताई हसत होत्या.

"तोंड आत केलंय," नितेश मागून म्हणाला. "ताईंवर धूळ नको."

"परत लाव रे तो," मी म्हटलं. "आहे तसाच."

"आता नको बाई. फाटला म्हणून सांगून बसलोय. धड दिसला तर लोक विचारतील, आणि मग तुमचं नाव निघंल." रागाने नाही, अगदी समजुतीने म्हणाला. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि खूप रडले. या खेपेला कोण बघतंय हे बघितलं नाही.

रोह्याची, अष्टमीची माणसं पेपरची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथेच लिहिते. मासेवालीलाही कुणीतरी वाचून दाखवेल. नितेश खोटं बोलला ते माझ्यासाठी. त्या संध्याकाळी पुलावर वारा नव्हता. बॅनर मी उतरवायला लावला.